बटण दाबल्यावरचे दोन सेकंद

तिला सगळे दुर्बीण म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि एकदा तर साहेबांनी ड्युटीच्या तक्त्यावर खऱ्या नावाऐवजी तेच लिहून टाकलं होतं. तिने ते खोडायला सांगितलं नाही. तेवीस वर्षं ती विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रापुढे बसत होती, आणि मोज्यात मोजा घालून त्यात लपवलेलं नेलकटरसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही अशी तिची ख्याती होती. ख्याती कशी पसरते ते काही वेगळं सांगायला नको. एकाने सांगितलं, दुसऱ्याने तिखटमीठ लावलं, आणि तिसरा शपथेवर सांगू लागला की बाईला पडदा बंद असतानाही दिसतं.

तिची चौकी तिसऱ्या मजल्यावर होती, दोन काचेच्या भिंतींच्या मध्ये. एका विमानातून उतरून दुसरं पकडणारे प्रवासी तिथून जात. ही माणसं आपापल्या देशातून निघतानाच तपासून आलेली असत. बूट काढून, पट्टा काढून, पाण्याची बाटली टाकून. तिथून थेट विमानात, विमानातून थेट इथे, मध्ये कुठे रस्त्याला पायही लागलेला नसे. तरी इथे पुन्हा बूट, पुन्हा पट्टा, पुन्हा बाटली. "आत्ताच तर झालं ना तिकडे!" हे वाक्य दुर्बीणला अकरा भाषांत कळत असे. त्यांतल्या नऊ भाषांत तिला प्यायला पाणीही मागता आलं नसतं.

तिचं उत्तर ठरलेलं होतं: "नियम आहे." त्यापुढे तिने कधी शब्द वाढवला नाही. कुणी चिडे, कुणी रडे, कुणी साहेबांना बोलवा म्हणून आकांडतांडव करी. ती पडद्याकडे पाहत राही. कापड, कागद, खाण्याच्या वस्तू नारिंगी दिसत, धातू निळा, आणि यांच्या मधलं सगळं हिरवं. वीस मिनिटं पाहायचं, मग उठायचं, दुसऱ्याने बसायचं. वीस मिनिटांनंतर माणसाचे डोळे उघडे राहतात पण बघत नाहीत, असं कुणीतरी मोजून ठरवलेलं होतं.

डोळ्यांना झोप लागू नये म्हणून यंत्रातही एक लबाडी मुद्दाम घातलेली होती. दिवसभर कपडेच कपडे पाहून माणूस कंटाळतो. म्हणून यंत्र अधूनमधून स्वतःच्या पोटातलं एखादं खोटं चित्र काढून कुणाच्या तरी खऱ्या बॅगेच्या चित्रात घालतं. चाकू, पिस्तूल, तारांचं भेंडोळं. याला चाचणी चित्र म्हणत. दिसलं की लाल बटण दाबायचं. खोटं असलं तर दोन सेकंदांत पडद्यावर अक्षरं येत: चाचणी चित्र, अचूक ओळख. अक्षरं आली नाहीत तर समजायचं की वस्तू खरी आहे, आणि लगेच सामानाचा सरकता पट्टा थांबवून बॅग उघडायची.

म्हणजे गंमत बघा. तेवीस वर्षांत या बाईने हजारो चाकू पकडले आणि त्यांतला एकही चाकू नव्हता.

शिवाय तिला एक विचित्र सवय होती. अक्षरं आली, यंत्राने स्वतः शाबासकी दिली, तरी ती बॅग बाजूच्या टेबलावर पाठवायची आणि उघडायला लावायची. टेबलावर जो उभा असे त्याला बडबड्या म्हणत, कारण उघड आहे.

"अगं ताई, यंत्र बोंबलून सांगतंय की खोटं आहे! आता यात काय बघू? या आजीबाईंचे स्वेटर?"

"उघड."

"उघडतो. पण एक दिवस कुणीतरी आपल्या दोघांना या पट्ट्यावरून आत ढकलणार बघ."

बडबड्या स्वेटर काढी, घडी मोडी, पुन्हा घालून देई. त्यामुळे तिची रांग सगळ्यांत हळू सरके. कर्मचाऱ्यांत म्हणतच, दुर्बीणच्या रांगेत लागलात तर पुढच्या विमानावर पाणी सोडा. तिच्याविरुद्ध तक्रारी येत. साहेब त्या फाइलला लावून टाकत, कारण वर्षाअखेरीस चाचणीत पहिला नंबर तिचाच असे.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या इमारतीचे जिने दिसत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याचा दाढीचा ब्रश अजून न्हाणीघराच्या फळीवर होता. दोघींपैकी कुणीही तो हलवला नव्हता. फळी पुसताना तो उचलायचा, खालून पुसायचं आणि परत तिथेच ठेवायचा. संध्याकाळी ती दारात चपला काढत असतानाच सासूबाई आतून विचारत, "आज काय सापडलं?"

"काही नाही, आई."

"बरं झालं."

एवढं झालं की दिवस संपला. नवरा गेल्यापासून तिला काही वाटत नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की लोक औषधं सुचवतात. दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. तव्याला हात लागला तर हात मागे येई, तेवढंच. नवऱ्याला निरोप द्यायला जमलेल्या बायका तिच्याकडे पाहून कुजबुजल्या होत्या की हिच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही. सासूबाईंनी ते ऐकलं होतं आणि त्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मग एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की दोन देशांचं बोलणं चाललंय. ज्या देशातून या चौकीवर सगळ्यांत जास्त प्रवासी येत, त्या देशाची तपासणी आपण आपलीच मानायची, आणि त्यांनी आपली. यंत्रं सारखी, शिक्षण सारखं, आणि कुठे काही चुकलं तर एकमेकांना त्याच दिवशी कळवायचं. तसं झालं तर ही दुसरी तपासणी लागणारच नाही. तीन आठवडे त्यांचा एक माणूस आपल्या चौकीवर बसून बघेल आणि आपला एक तिकडे. मग ठरेल.

"आणि आम्ही?" बडबड्याने विचारलं.

"जागा मिळेल तिकडे पाठवतील. बरेचसे मालाच्या शेडमध्ये."

बडबड्याची बडबड तिथल्या तिथे थांबली. त्याच्या कमरेचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. मालाच्या शेडमध्ये खोकी उचलावी लागतात, आणि डॉक्टरांनी त्याला भरलेली बादलीसुद्धा उचलू नको म्हणून बजावलं होतं. चौकीवर एकूण अकरा जण होते. प्रत्येकाचं असं काही ना काही होतं.

तिकडून आलेला माणूस म्हणजे एक बाई निघाल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, चपट्या टाचांचे बूट. त्या मागे खुर्ची टाकून वहीत लिहीत बसत. पाहुण्याबाई हे नाव बडबड्यानेच दिलं. दुसऱ्याच दिवशी दुर्बीणच्या लक्षात आलं की या बाई दर थोड्या वेळाने पडद्यावरून नजर काढून दूर, काचेपलीकडच्या विमानांच्या शेपट्यांकडे बघतात. ही सवय पुस्तकं वाचून लागत नाही. ज्याने वर्षानुवर्षं पडद्यापुढे बसून डोळे जाळलेत त्यालाच ती असते.

पाहुण्याबाईंच्या तक्त्यात एक रकाना होता: पहिल्या तपासणीत सुटलं आणि दुसऱ्या तपासणीत पकडलं, असं खरं हत्यार. दहा वर्षांची कागदपत्रं चाळून झाली. बाटल्या होत्या, शाम्पू होता, मुलांच्या कात्र्या होत्या. खऱ्या हत्यारांच्या रकान्यात शून्य होतं.

"एक जरी असतं ना," साहेब हळहळले, "तरी मी टेबलावर हात आपटून सांगितलं असतं की ही चौकी हवीच."

त्या दुपारी बडबड्या तिच्याजवळ येऊन बसला. हातातला चहा त्याने तसाच धरला होता.

"ताई, एक काम कर. तू सांग की एकदा सापडलं होतं. जुनी गोष्ट म्हण. नोंद राहून गेली म्हण. चित्रं तीस दिवसांनी पुसली जातात, कोण बघणार आहे? दुसरं कुणी बोललं तर हसतील. तुझ्यावर कुणी शंका घेणार नाही."

"खोटं सांगू?"

"अकरा घरांसाठी सांग गं."

बडबड्याला ठाऊक नव्हतं की तो जे खोटं म्हणून मागतोय, ते बरंचसं खरं आहे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा जाऊन अकरा दिवस झाले होते आणि ती पहिल्यांदा कामावर आली होती. सकाळची वेळ. तपकिरी बॅग, मधोमध बुटांची जोडी, आणि बुटाच्या टाचेशी निळाशार घडीचा चाकू, चार बोटं लांब पात्याचा. तिने पाहिला. बोट आपोआप बटणावर गेलं. आणि अक्षरं यायच्या आधीच तिच्या डोक्याने ती वाचूनही टाकली: चाचणी चित्र, अचूक ओळख. तिने पट्टा पुढे सोडला. पुढची बॅग आली, तिच्या पुढची आली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की अक्षरं आलीच नव्हती.

तोवर त्या बॅगवाल्या माणसाने बूट घालून, बॅग उचलून पाठ फिरवली होती. तिला ओरडता आलं असतं. हाताशी फोन होता. ती बसून राहिली. वीस मिनिटं झाल्यावर उठली आणि पाटीवर पाहिलं, तर विमान सुटलेलं. रात्री उशिरा ते कुठल्याशा लांबच्या शहरात उतरलंही. काही झालं नाही. कुणी माणूस फळं कापायचा चाकू विसरून घेऊन गेला असेल, एवढंच. तिने ते कुणाला सांगितलं नाही. पण त्यातली भयंकर गोष्ट वेगळीच होती. ते विमान हवेत असताना तिला भीती वाटली नव्हती. तीनशे माणसं आकाशात होती, आणि ती घरी भांडी विसळत होती, आणि आत काहीही हललं नव्हतं. आपल्यातलं काहीतरी बंद पडलंय हे तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती बटण दाबलेली प्रत्येक बॅग उघडायला लावू लागली.

बडबड्या बोलून गेला त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, खरं सांगून लोकांचं भलं होत असेल, तर सांगावं ना?"

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "मग आजवर का नाही सांगितलंस?"

काय ते त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

शेवटची बैठक साहेबांच्या खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर दोन घड्याळं, एक इथलं आणि एक तिकडचं. साहेब होते, पाहुण्याबाई होत्या, आणि कर्मचाऱ्यांतर्फे बडबड्या आणि दुर्बीण. दुर्बीण उभी राहिली आणि तिने सांगितलं. तारीख, वेळ, बॅगेचा रंग, बूट, चाकू. आवाज चढला नाही की उतरला नाही. एखादी बाई दुधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगते, तसं तिने ते सांगितलं.

साहेब खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "म्हणजे तिकडे सुटलं होतं! लिहा, बाई, लिहा. पहिली तपासणी पुरत नाही, हा घ्या पुरावा."

बडबड्या खाली मान घालून गालातल्या गालात हसत होता. ताईने काय झकास रचलंय, असं त्याला वाटत होतं. पार बुटांच्या टाचेपर्यंत.

पाहुण्याबाईंनी लिहिलं नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघींनाही अर्धीमुर्धी येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत त्या बोलत. "बटण दाबल्यावर तुम्ही किती थांबलात?"

"थांबले नाही."

"का?"

"चाचणी असेल वाटलं." मग ती जरा अडखळली. "आणि तिकडे तपासून आलंय, हे डोक्यात होतंच."

आता बडबड्याने मान वर केली. असं कुणी रचत नाही, हे त्याच्याही लक्षात आलं.

"आमच्या तिकडच्या माणसाला विचारलं," पाहुण्याबाई सावकाश म्हणाल्या, "तर तो म्हणेल, पुढे अजून एकदा बघणारच आहेत. तुम्ही म्हणता, मागे बघितलंच आहे. त्याने सोडलं आणि तुम्हीही सोडलं. माझ्या रकान्यात हा चाकू बसत नाही. पकडलेल्यांचा आकडा शून्यच राहतो. उलट आता मला लिहावं लागेल की दोनदा बघितल्याने कुणीच नीट बघत नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. टेबलावरच्या जगातलं पाणी कुणीच ओतून घेतलं नाही. ज्याच्या जोरावर चौकी वाचणार होती, त्यानेच ती बुडवली होती.

बाहेर बोळात पाहुण्याबाईंनी तिला थांबवलं. "याचा मी आमच्याकडे धडा करू का? तुमचं नाव घालणार नाही."

"करा. पण तिकडे ते थांबतील ना? बटण दाबल्यावर?"

पाहुण्याबाईंनी काचेबाहेर, लांबच्या विमानांकडे नजर टाकली. "मी शिकवीन. थांबतील की नाही, ते मी तुम्हाला कसं सांगू?"

खरं बोलणारी बाई होती. दुसरी असती तर वचन देऊन मोकळी झाली असती.

महिनाअखेरीस चौकी बंद झाली. दुर्बीणच्या नोकरीच्या नोंदीत एक लाल शेरा पडला आणि तिला पडद्यावरून कायमचं उठवलं. बडबड्याला मालाच्या शेडमध्ये पाठवलं. जाण्याआधी तो आपला डबा आणि कमरेचा पट्टा पिशवीत भरत होता, तेव्हा ती जवळ जाऊन उभी राहिली.

"तुला मी खोटं सांगायला सांगितलं होतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "खरं सांग म्हणून कोण म्हणालं होतं?"

त्याने तिला ताई म्हटलं नाही, दुर्बीणही म्हटलं नाही. सांगितल्यावर हलकं वाटेल अशी तिची समजूत होती, आणि तेही झालं नव्हतं. नऊ वर्षांचं ओझं उतरवून ठेवावं आणि खांद्याला पत्ताही लागू नये, असं काहीतरी.

चौकीच्या जागी आता नुसता बोळ राहिला. यंत्रं उचलून नेली. फरशीत बोल्टांची भोकं तेवढी उरली. पण लोकांना सवय झालेली. ते बोळात येऊन आपणहून थांबत, गर्दी करत. म्हणून पहिले पंधरा दिवस तिथे एक माणूस उभा करायचं ठरलं, त्यांना पुढे जा म्हणून सांगायला. साहेबांनी तिलाच उभं केलं. त्यांनी ते रागाने केलं की दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून, हे त्यांनाच ठाऊक.

पहिल्या दिवशी सकाळी पहिलं विमान उतरलं. काचेच्या दारातून माणसं आली. पुढच्याच माणसाने कमरेच्या पट्ट्याला हात घातला.

"थांबायचं ना इथे?"

"नाही. सरळ जा."

"खरंच?" त्याचा विश्वास बसेना. मग तो हसला आणि बायकोला हाक मारत निघाला. मागून आजी आल्या, पोरं आली, कडेवरची तान्ही आली. कुणी धावत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. पूर्वी जिथे अर्धा तास जाई तिथून ते चार मिनिटांत पार होत होते. ती म्हणत होती, सरळ जा, सरळ जा.

आणि मग एक तपकिरी बॅग आली. एका मध्यमवयीन माणसाच्या खांद्यावर, साधी, चेन लावलेली. तीच असायचं काही कारण नव्हतं. ती बॅग तिच्या हातभर अंतरावरून गेली, आणि तिच्या आत काय आहे ते तिला दिसत नव्हतं. या प्रवाशाची बॅग कुणीतरी तिकडे, न पाहिलेल्या खोलीत, न पाहिलेल्या पडद्यावर पाहिली असेल, आणि आता सगळं त्या एका माणसाच्या बोटावर होतं. त्याने बटण दाबलं असेल तर तो दोन सेकंद थांबला असेल का? त्याच्या घरी कुणी गेलं असेल का, अकरा दिवसांपूर्वी? तिला भीती वाटली. त्या बॅगेची, आणि नऊ वर्षांपूर्वीच्या त्या विमानाची, त्यातल्या तीनशे माणसांची, सगळी भीती एकदम. तिचा हात वर झाला. तो माणूस तिच्याकडे बघून थबकला.

"सरळ जा," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चपला काढताना तिला भिंत धरावी लागली.

"आज काय सापडलं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

तिने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते आलं नाही. ती न्हाणीघरात गेली, फळीवरचा ब्रश उचलला आणि तो हातात धरून तिथेच ओल्या फरशीवर बसली. मग ती रडायला लागली. मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकतील याची पर्वा न करता. सासूबाई भिंतीला धरत धरत दारापर्यंत आल्या. त्यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी उभ्याउभ्याच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रड," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलासाठी तू कधी रडणारच नाहीस, असं वाटलं होतं मला."